बियाण्याचे माहेर डोंगरावर

सोलापूरहून पुण्याच्या वाटेने निघालात, की मोहोळ मागे पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मोडनिंब येते. माढा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वे इथूनच जाते. १९०६ साली ती सुरू झाली तेव्हा बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी होती. आता रूळ रुंद झाले आहेत आणि गाडी पूर्वीसारखी रमतगमत येत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही त्याच्या मनात आले तर. जिथे पाणी पोचले तिथे ऊस, नाही पोचले तिथे ज्वारी आणि तूर, मुरमाड माळावर बोर आणि डाळिंब. उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो आणि दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत.

या गावाच्या शिवारात मला एका प्रश्नाने गाठले होते. मी खात्यात नोकरीला लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. वस्तीवर एक आक्का होत्या. नवरा अकाली गेलेला, दोन लहान मुले, विहिरीखाली दीड एकर. त्या बाई घरी कांद्याचे बी धरत. चांगले गोल, एका रंगाचे कांदे निवडून ऑक्टोबरात लावायचे, डेंगळे आले की गोंडे वाळवून बी झाडायचे. त्यांचे बी शेजारपाजारचे लोक मागून नेत. त्या वर्षी त्यांनी कोबी लावली होती. गड्डे भरले तेव्हा मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, कांद्याचं बी घरी धरतो, तसं कोबीचं का धरू नये? पाकिटाला लई पैसे पडतात.”

मी म्हणालो, “धरा की. दोन वाफे ठेवा तसेच. महिन्याभरात तुरा येईल.”

त्यांनी दोन वाफे ठेवले. बाकीचा माल विकला, हे दोन वाफे विकले नाहीत. फेब्रुवारीचे ऊन चढले, गड्डे तडकले, आत कुजले, वर मावा पडला. तुरा आला नाही. एकाही गड्ड्याला आला नाही. आक्कांनी मला शब्दाने दुखवले नाही, पण पुढच्या हंगामात बियाण्यासाठी त्यांनी उसने पैसे घेतले, हे मला दुसऱ्याकडून कळले.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. कॉलेजात असताना परीक्षेत पाच गुणांसाठी मी ते लिहिलेही होते. पण वहीतले उत्तर बांधावर आठवले नाही. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, तो आजतागायत. पीक डोंगरावर वेगळे का वागते, आणि आपल्या सपाटीवरच्या बियाण्याचा डोंगराशी काय संबंध, हे मोडनिंबच्या मंडळींना डोळ्यांनी दाखवावे असे मनात होते. मध्यंतरी एका जानेवारीत तो योग आला. वीस-बावीस जणांची सहल काढली आणि आम्ही महाबळेश्वरला गेलो. आक्का आल्या नाहीत, त्यांचे गुडघे धरले होते. त्यांचा थोरला मुलगा मात्र आला.

टेंभुर्णीवरून अकलूज, माळशिरस, नातेपुते, फलटण आणि मग आदर्कीचा घाट चढून वाठार आणि वाई. वाईपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. पसरणीचा घाट लागला की कानात दडे बसतात आणि गाडीच्या काचा आपोआप वर जाऊ लागतात. पाचगणी ओलांडून महाबळेश्वरला पोचलात की तुम्ही जवळजवळ १३७० मीटरवर आलेले असता. म्हणजे मोडनिंबपेक्षा साडेआठशे-नऊशे मीटर उंच.

आता एक मौज पाहा. नकाशावर बोट ठेवले तर मोडनिंब आणि महाबळेश्वर जवळजवळ एकाच आडव्या रेषेत आहेत, दोन्ही अठरा अक्षांशाच्या जरा खाली. त्यामुळे दोन्ही गावांत दिवस सारखाच मोठा आणि रात्र सारखीच लांब. पिकाला दिवसाची लांबी कळते, हे तुम्ही अंबाडीवरून ओळखता. अंबाडी लवकर पेरा की उशिरा पेरा, दिवस लहान होऊ लागला की ती फुलावर येते. पण या दोन गावांत त्या बाबतीत काही फरक नाही. इथे जो फरक दिसतो तो उंचीचा आणि पावसाचा. निसर्गाने आपल्यासाठी आयताच मांडलेला हा प्रयोग आहे.

उंचीने काय होते? हजार मीटर वर चढलात की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. हवा विरळ असते. दुपारचे ऊन अंगाला चावते, कारण उन्हातले अतिनील किरण दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी वाढतात. पण सावलीत गेलात की लगेच गारवा. रात्री जमिनीतली ऊब भराभर निघून जाते. झाड या सगळ्याला आपल्या परीने तोंड देते. पेरे आखूड होतात, पाने जाड होतात, पानावर मेणाचा थर चढतो, कित्येक झाडांच्या देठावर जांभळी झाक येते. वाढ हळू होते.

ही हळू वाढ नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे त्यातून निघते. पिकाला उगवण्यापासून फुलण्यापर्यंत आणि फुलण्यापासून पिकण्यापर्यंत ठराविक उष्णतेची शिदोरी गोळा करावी लागते. मोडनिंबला ही शिदोरी भराभर जमते, म्हणून गहू शंभर-एकशेदहा दिवसांत निघतो. थंड जागी तीच शिदोरी जमायला जास्त दिवस लागतात. आम्ही निघालो तेव्हा मोडनिंबच्या गव्हाच्या ओंब्या निसवल्या होत्या. महाबळेश्वरात त्याच सुमारास पेरलेला गहू अजून पोटरीत होता. मंडळींना पहिल्यांदा वाटले, हे पीक मागे राहिले. तसे नव्हे. दाणा भरायला जितके थंड दिवस जास्त मिळतात, तितका दाणा टपोरा होतो. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर ऊन तापले की दाणा चिमतो. उशिरा पेरलेल्या गव्हाचा उतारा पडतो तो यामुळेच.

महाबळेश्वरला लोक पॉइंट पाहायला आणि स्ट्रॉबेरी खायला जातात. तुम्ही गेलात तर गहू गेरवा संशोधन केंद्राची चौकशी करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र, सुरू झाले १९४० साली. गेरवा म्हणजे आपला तांबेरा. गव्हाच्या पानावर आणि खोडावर गंजासारखी पूड दिसते ती. सारा मुलूख ज्या रोगाला भितो, तो रोग इथे मुद्दाम सांभाळून ठेवतात. रोगाला पटकन बळी पडणारे वाण ओळीने पेरतात, त्यांच्यावर तांबेरा सोडतात आणि मधल्या ओळीत नवे वाण तपासतात. आपल्यापैकी एका गृहस्थाने न राहवून पानावरून बोट फिरवले, तर बोट हळद लागल्यासारखे झाले. ते लगेच धोतराला पुसू लागले. मी म्हटले, “पुसा, पण उद्या त्याच धोतराने आपल्या गव्हात जाऊ नका!”

हे केंद्र डोंगरावरच का? त्याची हकिकत मोठी आहे. आग्र्याच्या कॉलेजात प्रा. करमचंद मेहता नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच वर्षे खपून दाखवून दिले, की सपाटीवरच्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. आपल्या मोडनिंबच्या मे महिन्यात ते भाजून मरतात. ते जगतात थंड डोंगरांवर, तिथे वर्षभर कुठे ना कुठे हिरव्या असणाऱ्या गव्हावर. आणि दर वर्षी वाऱ्याबरोबर ते पुन्हा खाली उतरतात. दक्षिणेतले निलगिरी आणि पळणीचे डोंगर हे खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे मोठे घर. पुढे १९७०च्या दशकात जोशी आणि नागराजन या शास्त्रज्ञांनी त्याचा माग आणखी पुढे नेला. नोव्हेंबराच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळ झाले, की त्या वाऱ्यावर निलगिरीचे बीजाणू शेकडो मैल उत्तरेला येतात आणि पावसाबरोबर शेतात उतरतात. १९४६-४७ साली मध्य हिंदुस्थानात तांबेऱ्याने गव्हाचा जो नाश केला, तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पुष्कळ वर्षे होता.

म्हणजे रोग जिथे जगतो तिथेच त्याच्याशी लढणारा वाण निवडायचा. ज्या ओळीवर तांबेरा मनमुराद पडूनही पान हिरवे राहिले, ती ओळ पुढे न्यायची. सपाटीवर हे जमणार नाही, कारण तिथे एखाद्या वर्षी रोग येतो, एखाद्या वर्षी येत नाही. रोग न आलेल्या वर्षी चांगला वाण कोणता आणि कच्चा कोणता, हे कळायचे कसे? जुन्या मुंबई राज्यात ‘केनफाड’ नावाचे गहू निघाले होते. नावातच त्याचे आई-बाप आहेत. केनियाच्या उंच पठारावरचा गहू आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा गहू. परदेशातल्या डोंगराने दिलेली रोगाची झुंज आणि आपल्या मातीची सवय, अशी ती सोयरीक.

आणि खपली विसरू नका. आपल्या आया पुरणपोळीला आणि खिरीला जो खपली गहू वापरत, तो काळ्या तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या या गव्हातले तांबेऱ्याला तोंड देणारे गुण दुसऱ्या गव्हात उतरवले. तिकडच्या ग्रंथांत तो आजही ‘खपली’ याच मराठी नावाने ओळखला जातो. घरात खपलीचे बी असेल तर टाकून देऊ नका. पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ हा बुटका खपली वाण काढला आहे. उंच खपली लोळते, ही तक्रार त्याने कमी केली.

उंचीचा पैदासकाराला दुसरा उपयोग आहे, तो वेळेचा. दोन वाणांचा संकर केला की लगेच नवे वाण हाती येत नाही. सात-आठ पिढ्या पेरून, निवडून, पुन्हा पेरून ते स्थिर करावे लागते. सपाटीवर गव्हाची वर्षाला एकच पिढी होते, म्हणजे एका वाणामागे दहा-बारा वर्षे गेली. पण उन्हाळ्यात डोंगर थंड असतो. नोव्हेंबरात सपाटीवर पेरा, मार्च-एप्रिलात काढा आणि तेच बी मे महिन्यात डोंगरावर नेऊन पेरा. वर्षाला दोन पिढ्या झाल्या, अर्धी वर्षे वाचली. आपल्या देशात असे दोन मोठे आधार आहेत. एक निलगिरीतले वेलिंग्टन आणि दुसरे हिमालयात लाहौलमधले दलांग मैदान. दलांगला हिवाळ्यात बर्फ असते आणि आपल्याकडे लोक घामाने निथळत असतात तेव्हा तिथे गहू हिरवागार डुलत असतो.

मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी १९४०च्या दशकात हेच केले, आणि त्यातून त्यांनी न मागितलेले एक दानही पदरात पडले. ते हिवाळ्यात समुद्रालगतच्या सोनोरा भागात गहू पेरत आणि उन्हाळ्यात तेच बी टोलुका खोऱ्यात, अडीच हजार मीटरपेक्षा उंचावर, नेऊन पेरत. वरिष्ठांना ही कल्पना पसंत नव्हती. एका जागेचे बी दुसऱ्या जागी कशाला, असे त्यांचे म्हणणे. बोरलॉग हट्टाला पेटले. त्या दोन जागांत उंची वेगळी, दिवसाची लांबी वेगळी, रोग वेगळे. दोन्हीकडे टिकली तीच रोपे पुढे गेली. जी रोपे दिवसाची लांबी मोजत बसली ती आपोआप गळाली. उरलेला गहू कुठेही नेऊन पेरावा असा निघाला. त्याचीच जात लर्मा रोहो ६४. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन बी आणले, त्यात मुख्य तीच होती. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका आल्या. रेशनच्या रांगेत मिलो ज्वारी आणि परदेशी गहू घेतलेल्या पिढीला याचे मोल सांगायला नको.

पण सगळीच पिके डोंगराला मानवत नाहीत. आपली मालदांडी ३५-१ पाहा. मोडनिंबहून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या मोहोळच्या केंद्रात, गावरान मालदांडीतून निवडून काढलेला हा वाण. भारी काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर, कोरड्या हवेत ती जी भाकरी देते तिला तोड नाही. तिला महाबळेश्वरात लावले तर? फुलोऱ्याच्या वेळी रात्रीचा पारा तेरा-चौदा अंशांच्या खाली जाऊ लागला की ज्वारीचे परागकण वांझ होऊ लागतात. कणीस दिसायला छान, आत दाणा नाही. म्हणून मालदांडीची पैदास मोहोळलाच व्हायची. हे सांगितले तेव्हा मोडनिंबकरांना बरे वाटले. प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा डोंगर लागत नाही, एवढा धीर सहलीत मिळालेला चांगला.

संध्याकाळी वेण्णा तलावाकडे गेलो. कडाक्याच्या थंडीत याच भागात, आणि लिंगमळ्याकडे, पहाटे दव गोठून पांढरे होते. गावात उंचावर ते दिसत नाही आणि खाली तलावाकाठी दिसते, हे कसे? थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि खोलगट जागी साचते. हा नियम तुमच्या शिवारातही लागू आहे. ओढ्याकाठचा वाफा आणि माळावरचा वाफा यांच्यात जानेवारीच्या पहाटे दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. द्राक्षबागेचा खोलगट कोपरा थंडीत आधी कुरकुरतो, ते तुम्ही पाहिले असेल.

द्राक्षाचे नाव निघाले म्हणून सांगतो. द्राक्ष मूळचे थंडीच्या मुलखातले झाड. तिथे हिवाळ्यात त्याची पाने गळतात, वेल झोपतो आणि थंडी पुरेशी मिळाली की वसंतात डोळे फुटतात. आपल्याकडे वेलाला झोप येईल अशी थंडीच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतो. औषधाच्या त्या थेंबात आपण हिमालयातला हिवाळा विकत घेत असतो. (ते लावताना हातमोजे घाला, आणि त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नका, हे मी थट्टेने सांगत नाही, दोन्ही एकत्र आले की माणूस दवाखान्यात जातो.) डाळिंबाला आपण ताण देतो तो निराळ्या वाटेने केलेला तसलाच उपाय. थंडीने पान गळत नाही, तर पाणी तोडून गाळायचे आणि बहार धरायचा.

रात्री मुक्कामाच्या जागी सफरचंदाचा विषय निघाला. डोंगरातली रोपे म्हणून आपल्या भागात सफरचंदाची कलमे विकायला येतात. त्यात फरक करायला शिका. डेलिशस जातीच्या सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांच्या खालची थंडी हजारभर तास लागते. मोडनिंबला तसे तास बोटावर मोजण्याइतकेही मिळत नाहीत. अशी झाडे वाढतील, पाने धरतील आणि वर्षानुवर्षे तुमच्याकडे पाहत उभी राहतील. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल भागात निवडून काढलेली एचआरएमएन-९९ ही जात मात्र कमी थंडीत फळते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही जात आपल्याकडे फळते असे म्हणणारे आहेत. पण फळ लागणे आणि बाग परवडणे यांत अंतर आहे. बांधावर चार झाडे लावून तीन-चार वर्षे पाहा, लगेच एकराचे कर्ज काढू नका.

परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, एका तरुणाने हळूच विचारले, “साहेब, डोंगरातला गांजा लई भारी असतो म्हणतात. ते खरं का?” मागच्या बाकांवर हशा पिकला. मी हसलो नाही, कारण उसाच्या फडात चार झाडे लावून पोरे कशी अडकतात ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. शास्त्राचे उत्तर आधी दिले. भांगेच्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर उडतो, त्यामुळे तिचे वाण शुद्ध राहणे कठीण. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात ती पिढ्यान्‌पिढ्या दोऱ्यासाठी आणि बियांसाठी आहे. तिथे भांगेच्या बियांची चटणी घरोघर होते आणि तिने नशा येत नाही. उंचावरच्या उन्हाने झाडाची राळ वाढते असे मानतात. अमेरिकेत मेरिलँडच्या शास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिनील किरण वाढवले, तेव्हा नशेच्या जातीत मादक द्रव्य काहीसे वाढले, दोऱ्याच्या जातीत वाढले नाही. अलीकडच्या प्रयोगांत तीही वाढ दिसली नाही. म्हणजे मूळ गुण बियाण्याचा, उंचीचा हात लागला तर थोडाफार. मग कायद्याचे उत्तर दिले. उत्तराखंडाने २०१८ साली दोऱ्याच्या भांगेला परवाना दिला, तोही मादक द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असेल तरच. आपल्या शेतात गांजाचे झाड लावले तर १९८५च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दोर वळायचा असेल तर अंबाडी आणि ताग आहेत, आणि त्यांना कोणी विचारायला येत नाही. पोरगा गप्प झाला. त्याला कोणी तरी पैशाचे गाजर दाखवले असावे, असे मला वाटले. मी खोदून विचारले नाही, पण त्याच्या वडिलांच्या कानावर घातले.

आता राहिली कोबी.

कोबी हे दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी ते गड्डा बांधते, तो त्याचा साठा. मग सहा-आठ आठवडे चार ते दहा अंशांची थंडी लागली, की त्याला कळते, हिवाळा सरला, आता फुलायचे. थंडी मिळाली नाही तर ते गड्ड्यावरच थांबते आणि कुजते. मोडनिंबला ती थंडी नाही, महाबळेश्वरलाही पुरेशी नाही. म्हणून बी डोंगरातून येते. स्वातंत्र्यापूर्वी, दुसऱ्या महायुद्धात परदेशी बी येईनासे झाले, तेव्हा १९४२-४३च्या सुमारास बलुचिस्तानात क्वेट्टा इथे थंड हवेच्या भाज्यांचे बी तयार करायला सुरुवात झाली. फाळणीत क्वेट्टा पलीकडे गेले. मग कुलू खोऱ्यात कट्राईं इथे ते काम उभे राहिले. गोल्डन एकर कोबी तुम्ही पिढीजात लावत आलात, तिचे बी असल्या खोऱ्यांतून आले. बटाट्याचेही तसेच. सपाटीवर तो क्वचित फुलतो. शिमल्याजवळच्या कुफरीला उन्हाळ्याच्या लांब दिवसांत भरभरून फुलतो, म्हणून संकर तिथे होतात आणि म्हणून वाणांची नावे कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी. शिवाय उंचावर मावा कमी, त्यामुळे विषाणूही कमी.

फुलकोबीची गोष्ट मात्र उलटी आहे आणि मला ती फार आवडते. १८२२ साली इंग्लंडहून तिचे बी सहारनपूरच्या बागेत आले. तेही थंडीचे पीक. पण गंगेकाठच्या शेतकऱ्यांनी सपाटीच्या उकाड्यातही ज्या थोड्या झाडांना फुले आली, त्यांचेच बी धरले, पुन्हा पेरले, पुन्हा धरले. कित्येक पिढ्यांनी उन्हाळी फुलकोबी तयार झाली, जिला डोंगर लागत नाही. आज आपण ऑगस्ट-सप्टेंबरात जी फुलकोबी खातो ती त्या शेतकऱ्यांची. आक्कांनी विचारलेला प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी त्यांनीही विचारला असणार. फरक इतकाच, की त्यांच्या शेतात चार-दोन झाडे फुलली होती; आक्कांच्या दोन वाफ्यांत एकही फुलले नाही.

त्यानंतर एका एप्रिलअखेर घरच्या मंडळींना घेऊन मी कुलूकडे गेलो. रस्त्याकडेला एका शेतात गड्ड्यांवर कोयत्याने फुलीसारखी चीर दिलेली होती आणि त्या चिरेतून कमरेएवढे तुरे वर आलेले. सगळे शेत पिवळेधमक. मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी मोबाइलवर छायाचित्र काढले आणि गावी आल्यावर मोडनिंबला आक्कांकडे गेलो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मागची ती गोष्ट मी काढली, चूक माझी होती हेही सांगितले. आक्कांनी चष्मा लावला, फोन जवळ-दूर धरून पाहिला.

“मोहरीवानी फुलं हायेत की,” त्या म्हणाल्या.

“एकाच घराण्यातली आहेत,” मी म्हणालो.

त्यांनी सुनेला हाक मारून फोटो दाखवला. मग मला विचारले, “आणि वर चीर कशाला देतात?”

“गड्डा घट्ट असतो. तुऱ्याला बाहेर यायला वाट लागते.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. सुनेने चहा आणला. ओसरीवर कांद्याचे गोंडे वाळत घातले होते, त्या वर्षीचे बी. जाताना त्यांनी पुडीत बांधून मूठभर दिले. म्हणाल्या, “हे तुमच्या परसात लावा. याला थंडी लागत नाही फार.”

लागते, पण मोडनिंबची थंडी त्याला पुरते, असे मी सांगणार होतो. मग चहा प्यायलो आणि निघालो.